मागच्या सीटवरून: हरिहरेश्वर ते गुहागर, बाईकने

गाडी नवरा चालवतो, मी मागे बसते. एकोणीस वर्षं हेच चालू आहे, तेव्हा खाली लिहिलंय ते सगळं मागच्या सीटवरून दिसलेलं आहे. पुढच्याला खड्डे दिसतात, बाकीचं सगळं मागच्याला. हे माझं मत, त्याचं नाही.

आमचा बेत असा होता: पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळ ओलांडून गुहागर. परतताना चिपळूणवरून कुंभार्ली चढून उंब्रजला हायवे. चार दिवस. यातला ताम्हिणी सोडला तर एकही रस्ता पाहिलेला नव्हता.

किनाऱ्याचा बेत आखताना किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. बागमांडला ते वेश्वी सावित्रीची खाडी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची. दोन्हीकडे बाईकसकट फेरीबोट. दाभोळची शेवटची बोट चुकली तर चिपळूणमार्गे शंभरएक किलोमीटरचा फेरा पडतो, तोही अंधारात. म्हणून शेवटच्या बोटीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून ठेवायची आणि तिच्या दोन तास आधी धक्क्यावर पोचायचं. पहिला दिवस पावणेदोनशे किलोमीटरचा चालतो. पुढे दिवसाला साठ-सत्तर पुष्कळ झाले. कमी वाटतील, पण आडे ते आंजर्ले एवढ्या टप्प्यातच आम्ही पाच वेळा थांबलो.

बोटीपेक्षा धक्क्याचा उतार जास्त त्रास देतो. धोपाव्याला आम्ही दोघं गाडीवर बसूनच वर निघालो. ओहोटी होती. एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडलेला, त्यावर हिरवं शेवाळ. मागचं चाक सरकलं आणि आम्ही अगदी सावकाश, पाहुण्यांसमोर पडावं तसे आडवे झालो. माझा गुडघा खरचटला, त्याचा आरसा गेला. बोटीवरच्या खलाशाने गाडी उचलू लागता लागता हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दिवसातून दोनदा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. घड्याळाच्या काट्याइतकं नेमकं नाही, पण बेताला पुरतं. आमची ती अष्टमी होती आणि दुपारचे बारा वाजलेले! तेव्हापासून कालनिर्णय बघितल्याशिवाय मी बॅग भरत नाही. धक्क्यावर मागच्याने उतरून चालायचं, भरती असो वा ओहोटी. बोटीत गाडी गिअरमध्ये, साइड स्टँडवर, आणि एकाने हात लावून उभं राहायचं.

हाच हिशोब हेदवीलाही कामाला येतो. गुहागरहून अर्धा दिवस काढून गेलात तर बामणघळ भरतीलाच बघा. खडकाच्या चिरेतून पाणी उसळतं ते तेव्हाच. ओहोटीला नुसती भेग दिसते.

निघण्याआधी गाडीचं थोडंच काम असतं. टायरमधली हवा दोघांची आणि सामानाची धरून भरायची, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मागचा शॉकअब्सॉर्बर एक-दोन खाचा कडक करून घ्यायचा, नाहीतर मागून गाडी बसते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, म्हणजे तालुक्याचं गाव आलं की टाकी फुल्ल.

मागच्या माणसाचं काम मात्र मोठं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रस्ता सरळ असतो पण वारा आडवा मारतो, तिथे पुढच्याला चिकटून बसायचं. सडा संपला की खाडीकडे उतरणारी वाकणं येतात आणि वळणावर जांभ्याची लाल खडी पसरलेली असते. उतार दुसऱ्या गिअरमध्ये काढायचा आणि मागच्याने हलायचं नाही. हेल्मेटमधून ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या आहेत: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, चिमटा म्हणजे चहा.

नकाशा मागच्याने बघायचा, पण त्याच्यावर विश्वास बेताचा ठेवायचा. केळशीच्या आसपास फोनने आम्हाला जवळचा रस्ता म्हणून चक्क एका पाखाडीत, म्हणजे पायवाटेच्या अरुंद बोळात घातलं. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणाचे गडगे, पुढे जांभ्याच्या पायऱ्या. अंगणात सुपाऱ्या वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, "अहो, ही पाखाडी आहे. इथून म्हशी जातात." गाडीचं मागचं चाक उचलून आम्ही ती वळवली. आजींनी तेवढ्यात पाणी आणि गूळ आणला, आणि आंजर्ल्याचा रस्ता इतका नीट सांगितला की पुन्हा फोन काढावाच लागला नाही. फाट्यावर थांबून विचारा. पुढच्याला लाज वाटते, मागच्याने विचारावं.

जेवण आधी फोन करून सांगायचं. इथे ऐनवेळी ताट मिळत नाही, पण सांगितलंत तर घावने आणि सोलकढीही मिळते. हर्णैला संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला जा, फक्त गाडी लांब लावा. पुळणीवर तर गाडी मुळीच उतरवू नका. चाक रुततं आणि खारी वाळू चेनमध्ये जाऊन बसते.

घरी आल्यावर बॅगा उघडायच्या आधी गाडी भरपूर गोड्या पाण्याने धुवायची, चेन पुसून तेल सोडायचं. आम्ही ते आठ दिवसांनी केलं. चेन तोवर तांबूस झाली होती.