सॉटर पुरस्कारासाठी अर्ज करताना: विद्यापीठाच्या आयटीत नव्याने येणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्निया विद्यापीठ म्हटले की आपल्याकडे बर्कली किंवा फार तर लॉस एंजेलिस डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे दहा कॅम्पसांचे विद्यापीठ आहे, त्याचे मुख्य कार्यालय ओकलंडला आहे आणि प्रत्येक कॅम्पसचा माहिती-तंत्रज्ञान विभाग बराचसा आपापल्या पद्धतीने चालतो. त्यामुळे एका कॅम्पसने वर्षभर खपून उभी केलेली प्रणाली दुसऱ्या कॅम्पसला ठाऊकच नसते आणि तिथली मंडळी तीच गोष्ट पुन्हा पायापासून बांधायला घेतात. या विद्यापीठातील चांगल्या आयटी प्रकल्पांना मिळणाऱ्या लॅरी एल. सॉटर पुरस्काराचे प्रयोजन समजून घ्यायचे असेल, तर आधी हे चित्र लक्षात घ्यावे लागते.

सॉटर हे रिव्हरसाइड कॅम्पसच्या संगणक व दूरसंचार विभागाचे प्रमुख होते. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, विद्यापीठातील आयटी-प्रमुखांच्या परिषदेने त्यांच्या नावाने हा पुरस्कार सुरू केला. अध्यापन, संशोधन, लोकसेवा, रुग्णसेवा किंवा विद्यापीठाचा दैनंदिन कारभार यांपैकी कशालातरी हातभार लावणारे आणि शक्यतो इतर कॅम्पसांनाही उचलता येईल असे काम त्यात गौरवले जाते. सुवर्ण, रौप्य आणि उल्लेखनीय अशा श्रेणी त्यात ठेवल्या गेल्या, आणि निकाल सर्व कॅम्पसांतील आयटी कर्मचाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत जाहीर होत आले. अलीकडे हा पुरस्कार ‘यूसी टेक’ (यूसी म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ) पुरस्कारांच्या छत्राखाली गेला असून श्रेणी आणि नियम अधूनमधून बदलतात. म्हणून जुना अर्ज समोर ठेवून नवा लिहायला बसण्याआधी त्या वर्षीची सूचना वाचावी.

अर्जात मागितलेल्या गोष्टी दिसायला साध्या आहेत: प्रकल्पाचे नाव, नेतृत्व करणाऱ्यांची आणि चमूतील सदस्यांची नावे, प्रकल्पाचे वर्णन व महत्त्व, वापरलेले तंत्रज्ञान, अंमलबजावणीचा कालावधी, आणि वापरकर्त्यांच्या समाधानाची वस्तुनिष्ठ माहिती. आपण प्रोग्रामर मंडळी तंत्रज्ञानाचा परिच्छेद एका बैठकीत लिहून काढतो आणि शेवटच्या मुद्द्यापाशी येऊन अडतो. माझ्या मते या अर्जाचा सारा कस तिथेच लागतो. ‘वापरकर्ते खूश आहेत’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे आकड्यांनी सांगणारे अर्ज मोजकेच असतात. आणि ‘नंतर’चे आकडे प्रणाली स्वतःच देते, पण ‘आधी’चे आकडे जुनी पद्धत बंद पडली की मिळेनासे होतात.

आमच्या चमूने केलेल्या एका कामाचे उदाहरण देतो. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत वाढीव वेळ किंवा स्वतंत्र खोली मिळते, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने एक कागदी अर्ज प्राध्यापकांकडे न्यायचा, सही घ्यायची आणि तो संबंधित कार्यालयात आणून द्यायचा, अशी पद्धत होती. विद्यापीठाचे बहुतेक कॅम्पस दहा आठवड्यांच्या क्वार्टर पद्धतीवर चालतात. सत्राच्या मधल्या परीक्षा (मिडटर्म) चौथ्या-पाचव्या आठवड्यातच सुरू होतात, त्यामुळे आठवडाभराचा उशीरसुद्धा विद्यार्थ्याला महागात पडतो. आम्ही ही सगळी प्रक्रिया ऑनलाइन केली. तांत्रिकदृष्ट्या त्यात फारसे नवल नव्हते: विद्यापीठाचे नेहमीचे लॉगिन, एक डेटाबेस, खोल्यांचे वेळापत्रक आणि आठवणीची ईमेल. जुनी पद्धत किती वेळ खात होती हे मात्र कोणाच्याच नोंदीत नव्हते.

ते सापडले एका तारेच्या टोपलीत. त्या कार्यालयाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई प्रत्येक कागदावर आल्या दिवसाचा रबरी शिक्का मारत, आणि खोली नक्की झाली की त्याच कागदाच्या मागे दुसरा शिक्का मारत. कित्येकांवर पुढचा शिक्का तिरका, मागचा अर्धवट उमटलेला, आणि समासात त्यांच्याच हातची शिसपेन्सिलीची टीप: ‘सही नाही, परत पाठवले’. जुने कागद नष्ट करण्याची मुदत अजून आली नव्हती. आम्ही एका क्वार्टरचे कागद घेऊन दोन शिक्क्यांमधले दिवस मोजले, परत पाठवलेले अर्ज वेगळे काढले, आणि नव्या प्रणालीतल्या, नंतरच्या वर्षीच्या त्याच क्वार्टरच्या नोंदींशेजारी ते आकडे ठेवले. अर्जातला तो छोटा तक्ता त्याआधीच्या सगळ्या गद्यापेक्षा जास्त बोलला. तेव्हापासून कोणताही प्रकल्प हाती घेतला की जुनी पद्धत बंद होण्याआधी तिचे मोजमाप मी कामाच्या आराखड्यातच घालतो, मग पुरस्काराचा विचार असो वा नसो.

हे आकडे देताना एक पथ्य पाळावे लागते. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता १९७४ च्या फेर्पा या संघीय कायद्याने संरक्षित आहे, आणि अपंगत्वाची माहिती तर त्याहून नाजूक. अर्जाला जोडलेल्या स्क्रीनच्या चित्रांत खऱ्या विद्यार्थ्याचे नाव राहू देऊ नये. नाव काळे करण्यापेक्षा चाचणीसाठी बनवलेली खोटी माहिती भरून चित्र घेणे जास्त सुरक्षित.

भाषेबद्दलही थोडे सांगायला हवे. परीक्षक आयटीतलेच असले तरी तुमच्या कॅम्पसचे नसतात. तुमच्या विभागांची संक्षिप्त नावे त्यांना कळत नाहीत, आणि कोडसाठी कोणती तयार लायब्ररी किंवा कोणता क्लाउड वापरला यावर त्यांचे मत सहसा ठरत नाही. पहिल्या परिच्छेदात माणूस दिसावा: कोण अडलेला होता, कशाने, आणि आता त्याचे काम कसे होते. आमच्या कॅम्पसमधून पुढे पाठवायचे अर्ज चाळण्याचे काम पुढे माझ्याकडे आले, तेव्हा सर्व्हरच्या वर्णनाने सुरू होणारे अर्ज वाचताना माझेही लक्ष उडत असे. आपल्या मराठी मंडळींची अडचण निराळी. स्वतःच्या कामाचा डंका आपण कसा पिटायचा, या संकोचापायी अर्जात ‘सुधारणा करण्यात आली’, ‘प्रणाली विकसित करण्यात आली’ अशी कर्ता नसलेली वाक्ये येतात आणि कोणी काय केले ते कळतच नाही. तिथे सरळ ‘आम्ही केले’ असे लिहावे. चमूच्या यादीत मात्र हात आखडता घेऊ नये: चाचणी करणारे, अपंगांना प्रणाली सुलभपणे वापरता येते का हे तपासणारे, आणि ज्यांच्या कार्यालयासाठी काम झाले ते लोकही त्यात यावेत. खिडकीवरच्या त्या बाईंचे नाव आमच्या यादीत होते, आणि ‘या कुठल्या आयटी विभागात?’ असा प्रश्न कोणी विचारला नाही.

या सगळ्याचा नोकरीला काय उपयोग, असे एम.एस. संपवून आलेले विद्यार्थी विचारतात. विद्यापीठातला पगार सिलिकॉन व्हॅलीतल्या मोठ्या कंपन्यांच्या मानाने कमी असतो, आणि तो जाहीरही होतो, कारण हे सार्वजनिक विद्यापीठ कर्मचाऱ्यांच्या वेतनाची माहिती दरवर्षी प्रसिद्ध करते; तेव्हा नातेवाइकांपासून लपवण्याची सोय नाही. दुसऱ्या बाजूला, विद्यापीठांचे एच-१बी या कामाच्या व्हिसाचे अर्ज वार्षिक मर्यादेबाहेर असतात, त्यामुळे लॉटरीची टांगती तलवार राहत नाही. पण कंपनीसारखे चटचट बदलणारे हुद्दे इथे नाहीत. वरची जागा रिकामी व्हावी लागते, आणि त्या वेळी निवड समितीसमोर ठेवायला तुमच्याकडे कॅम्पसबाहेरच्या लोकांनी तपासलेले काही असेल तर त्याला वजन येते. पुरस्कार मिळाला नाही तरी अर्जातले वर्णन आणि तक्ता वार्षिक मूल्यमापनात जवळजवळ जसाच्या तसा वापरता येतो.

कॅम्पसच्या पलीकडे पाहायचे असेल, तर १९९८ मध्ये एज्युकॉम आणि कॉज या दोन संस्थांच्या विलीनीकरणातून झालेल्या एज्युकॉज या उच्च शिक्षणातील आयटीच्या संघटनेचे पुरस्कार आहेत. तिथे गौरव प्रकल्पापेक्षा व्यक्तीचा होतो आणि त्यासाठी नामांकन लागते. नवोदितांसाठीचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार त्यातलाच. म्हणजे तुमचे काम जवळून पाहिलेला आणि चार ओळी लिहायला तयार असलेला कोणीतरी वरिष्ठ हवा; तो पहिल्या वर्षी भेटत नाही.

निकालानंतर दुसऱ्या कॅम्पसचे फोन येऊ लागतात, आणि त्यासाठी क्वचितच कोणी तयार असते. ‘कोड द्याल का, मांडणी कशी केली, आमच्या लॉगिनशी जुळेल का’ असे ते विचारतात. अर्जात ‘इतरांना वापरता येईल’ असे लिहिलेले असते, म्हणून नाही म्हणता येत नाही. तेव्हा अर्ज पाठवण्यापूर्वीच वरिष्ठांशी बोलून हे प्रश्न कोण हाताळणार, आठवड्यातले किती तास त्यासाठी धरणार आणि कोड कोणत्या परवान्याखाली देणार, हे ठरवून ठेवावे.