प्री-फ्लाइट (उड्डाणाआधीची विमानाची तपासणी) करताना या चुका टाळा

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवरून बोइंगचं मॉडेल २९९ उडालं, नाक उंचावत गेलं, स्टॉल झालं (पंखांची उचल संपली) आणि कोसळलं. चारही इंजिनं ठणठणीत होती. विमान उभं असताना वाऱ्याने कंट्रोल (पंख-शेपटीवरचे हलणारे भाग) हलू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहिलं होतं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे लेस्ली टॉवर, दोघेही कसलेले वैमानिक, यात गेले. चेकलिस्टची शिस्त या अपघातानंतर रुजली.

प्रशिक्षणातल्या छोट्या विमानालाही हा धोका तितकाच आहे. ‘कंट्रोल फ्री’ एवढं म्हणून भागत नाही. योक (विमानाचं स्टिअरिंग) डावीकडे वळवा आणि मान वळवून बघा: डावं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वरच गेलं पाहिजे. दुरुस्तीत केबल उलट जोडली गेली असेल, तर ती इथेच सापडते.

सगळ्यात जास्त घाई टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढून बघण्यात होते. झाकणाचं सील झिजलं की पावसाचं पाणी टाकीत उतरतं. अर्धी टाकी रात्रभर राहिली की आतल्या हवेतला दमटपणाही पाणी होऊन साचतो. पाणी एव्हगॅसपेक्षा (विमानाच्या पेट्रोलपेक्षा) जड, म्हणून तळाशी बसतं आणि टेकऑफला इंजिन बंद पाडू शकतं. फसगत अशी होते की नमुन्यात निव्वळ पाणीच आलं, तर तेही स्वच्छ दिसतं. म्हणून रंग बघा. १००एलएल प्रतीचं एव्हगॅस निळसर असतं. निळा नसेल तर उडू नका. पाणी दिसलं तर ते पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा नमुने घ्या. इंधन भरल्यावरही थोडं थांबून परत तपासा. किती इंधन आहे, ते गेजवर सोडू नका. डिपस्टिक टाकून मोजा.

पिटो ट्यूबला (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या नळीला) कव्हर नसेल, तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. तोंडाने फुंकून ते काढू नका, आत जोडलेलं उपकरण बिघडतं, इंजिनिअरला बोलवा. टेकऑफच्या धावेत वेगाचा काटा हलला नाही, तर धावपट्टी शिल्लक असतानाच उड्डाण रद्द करा.

वॉक-अराउंड (विमानाभोवती फिरून तपासणी) चालू असताना फोन आला, कुणी हाक मारली, तर ‘इथवर झालं होतं बहुतेक’ असं धरून पुढे जाऊ नका. चेकलिस्टच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करा. इन्स्ट्रक्टर घाई करत असले तरीही.