पावसाळ्यात वस्तऱ्यावर चढलेला गंज: माझा अनुभव

रत्नागिरीतल्या घरी जुलैच्या एका सकाळी आजोबांचा जर्मन बनावटीचा वस्तरा उघडला, तेव्हा पात्यावर मुठीच्या खिळ्यापाशी मोहरीएवढे तीन तांबूस ठिपके दिसले. दाढीनंतर तो घाईने पुसून, चामड्याच्या म्यानात घालून मी न्हाणीघरातच ठेवत असे. चामडे दमटपणा धरून ठेवते आणि क्रोमियम जवळजवळ नसलेल्या कार्बन पोलादाला गंजण्यासाठी एवढे निमित्त पुरते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

पात्यावरची करडी-निळसर झाक निरुपद्रवी असल्याने तिला मी हात लावला नाही. तांबडा गंज मात्र धातू पोखरत जातो. म्हणून पाते फळीवर सपाट ठेवून, सुती फडक्यावर धातू चमकवण्याची पेस्ट घेऊन, पाठीकडून धारेकडे हलकेच घासले. दोन ठिपके गेले. तिसऱ्याच्या जागी टाचणीच्या टोकाएवढा खळगा उरला. तो धारेपासून लांब असल्याने तसाच राहू दिला.

आता साबण गरम पाण्याने धुतल्यावर पाते टिपून घेतो, मुठीच्या फटीतून सुती पट्टी फिरवतो (पाणी खरे तिथेच दडते) आणि वस्तरा तासभर पंख्याखाली उघडा ठेवतो. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आधी खोबरेल वापरले होते, पण ते काही आठवड्यांत चिकट झाले. वस्तऱ्याचा मुक्काम आता खोलीतल्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात असतो.