प्रकाश-नियंत्रित मेमरिस्टरची पहिली मोजणी कशी करावी

पवईच्या आयआयटीत किंवा कलिन्याच्या विद्यापीठ परिसरात पीएचडीला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने मेमरिस्टरवर प्रकाश टाकण्याची घाई करू नये. आधी अंधारातली मोजणी पक्की करावी. विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ साली मांडलेला हा घटक आपल्यातून गेलेल्या विद्युतभाराची खूण रोधाच्या रूपाने जपतो, आणि ती खूण प्रकाशाने उमटवता आली की संवेदन व साठवण एकाच जागी होते.

मेमरिस्टरमधला थर झिंक ऑक्साइडचा असेल, तर त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वहनासाठी मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तेवढी ऊर्जा पुरवणारा ३६५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी घ्यावा. नमुना रात्रभर काळ्या पेटीत ठेवावा, कारण प्रकाश बंद झाल्यावरही त्याची वाहकता तासन्‌तास रेंगाळते. हे रेंगाळणेच आपल्याला हवे आहे, पण कालचे उरलेले आजच्या आलेखात नको. मग ०.१ व्होल्टवर प्रवाह वाचत एकेका सेकंदाचे दहा प्रकाशस्पंद द्यावेत आणि प्रवाह पायरीपायरीने चढतो का, अंधारात किती वेळात उतरतो, हे पाहावे. तेवढ्याच शक्तीच्या लाल एलईडीने हीच मोजणी पुन्हा केल्यावर प्रवाह तसा चढला नाही, तर परिणाम उष्णतेचा नाही, याची बऱ्यापैकी खात्री पटते.

मुंबईत खरी अडचण पावसाळ्याची. प्रवाहाचे अंधारातले हे उतरणे पृष्ठभागावरचा ऑक्सिजन आणि बाष्प यांवर अवलंबून असल्यामुळे माझे जुलैतले आलेख जानेवारीशी कधीच जुळले नाहीत. म्हणून मोजणी कोरड्या नायट्रोजनमध्ये करावी, निदान प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहावी.