सगळ्या पानांना लागणारी व्हेरिएबल्स: जँगो शिकताना उमगलेलं

जँगो म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवण्याची चौकट. साइटचं नाव हेडरमध्ये दाखवायचं म्हणून सुरुवातीला मी ते प्रत्येक व्ह्यूमधून (पानाची मागणी हाताळणारा कोड) टेम्पलेटला (पानाचा साचा) पाठवायचे. एका नव्या व्ह्यूत विसरले आणि हेडर कोरं आलं. एरर नाही, काही नाही. टेम्पलेटला एखादं व्हेरिएबल सापडलं नाही, तर जँगो तिथे गुपचूप रिकामी जागा सोडतो.

यासाठी कॉन्टेक्स्ट प्रोसेसर असतो: रिक्वेस्ट (ब्राउझरकडून आलेली पानाची मागणी) घेऊन डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) परत करणारं साधं फंक्शन. त्यातली व्हेरिएबल्स पानांच्या टेम्पलेट्सना आपोआप मिळतात. सेटिंग्जमध्ये टेम्पलेट्सच्या ऑप्शन्समधल्या यादीत त्याचं नाव घातलं की काम झालं. अख्खं सेटिंग्ज मात्र टेम्पलेटला देऊ नका, त्यात सीक्रेट की असते. लागतील तेवढ्याच गोष्टी द्या.

मी खरी अडकले ती ईमेलमध्ये. पानांवर दिसणारं साइटचं नाव ईमेलच्या टेम्पलेटमध्ये येईना. अर्धा दिवस स्पेलिंग तपासण्यात गेला. कारण एवढंच होतं की कॉन्टेक्स्ट प्रोसेसर रिक्वेस्टच्या जोडीनेच चालतो आणि मी 'रेंडर टू स्ट्रिंग'ला (टेम्पलेटमधून मजकूर तयार करणारं फंक्शन) रिक्वेस्ट दिलीच नव्हती. बॅकग्राउंडमध्ये चालणाऱ्या कामात तर रिक्वेस्ट नसतेच. तिथे नाव हातानेच पाठवावं लागतं. ५०० एररचं, म्हणजे सर्व्हरमध्ये बिघाड झाल्याचं, पानही असंच. आणखी काही बिघडू नये म्हणून जँगो ते मुद्दाम रिकाम्या कॉन्टेक्स्टवर, म्हणजे कुठलंही व्हेरिएबल न देता, दाखवतो. ४०४ च्या (पान न सापडल्याच्या) पानाला मात्र रिक्वेस्ट मिळते.

दुसरी चूक जास्त घाबरवणारी होती. दुसऱ्या कुणाचं प्रोफाइल उघडलं की हेडरमध्ये लॉगिन केलेल्याऐवजी त्याच माणसाचं नाव दिसायचं! वाटलं, सेशनच मिसळली. तसं नव्हतं. युजर मॉडेलवरचा डिटेलव्ह्यू (एका नोंदीचं पान दाखवणारा जँगोचा तयार व्ह्यू) आपल्या ऑब्जेक्टला आपणहून 'युजर' हेच नाव देतो, आणि व्ह्यूकडून आलेलं व्हेरिएबल प्रोसेसरच्या त्याच नावाच्या व्हेरिएबलला झाकून टाकतं. डिटेलव्ह्यूमध्ये हे नाव ठरवणारं 'कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट नेम' बदललं आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून सामायिक व्हेरिएबलला मी 'साइट' असा उपसर्ग लावते.

डेटाबेसची क्वेरी प्रोसेसरमध्ये घालणार असाल तर जरा थांबा. तो अॅडमिनच्या पानांवरही चालतो. 'फिल्टर' लावलेली क्वेरीसेट (जँगोमधली डेटाबेसकडची मागणी) तशीच परत दिली, तर टेम्पलेटने वापरेपर्यंत डेटाबेसकडे कुणी जात नाही. पण 'लिस्ट' किंवा 'काउंट' लावलंत, की प्रत्येक पानामागे एक क्वेरी पक्की. डिबग टूलबार (पानामागे काय घडलं ते दाखवणारं साधन) उघडून क्वेरींचा आकडा आधी आणि नंतर बघा, लगेच कळेल.