लोडिंग बेमध्ये गाडी उभी करण्याआधी

लंडनमध्ये नव्याने आलेलं कुटुंब पहिली गाडी घेतं आणि दोन-तीन महिन्यांत मला त्यांच्याकडून एक फोटो येतो. समोरच्या काचेवर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं पाकीट, आत पेनल्टी चार्ज नोटीस (पीसीएन), म्हणजे दंडाची नोटीस. खाली प्रश्न: "ताई, पाचच मिनिटं थांबलो होतो, हॅझर्ड लाइटही लावले होते, मग दंड कसा?"

मी 2006 मध्ये आले. 2011 पासून समारंभांना जेवण पुरवण्याचं काम करते, त्यामुळे आठवड्यातले चार-पाच दिवस माझी व्हॅन कुठल्या ना कुठल्या लोडिंग बेमध्ये, म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यासाठी रस्त्यालगत राखलेल्या जागेत, उभी असते. मीही दंड भरलेत, भांडणं ऐकलीत, एकदा ट्रायब्युनलपर्यंतही (दंडाविरुद्धची अपिलं ऐकणारा लवाद) गेले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हॅझर्ड लाइटचं. ते लावल्याने थांबायची परवानगी मिळत नाही. "पाचच मिनिटं" यालाही अर्थ नाही. लोडिंग बेमध्ये वॉर्डन (पार्किंग तपासून नोटीस लावणारा माणूस) एकच गोष्ट पाहतो: सामान चढतंय किंवा उतरतंय का. चालत असेल तर पाटीवरच्या मुदतीपर्यंत तुम्ही तिथे हक्काने उभे आहात. चालत नसेल तर दोन मिनिटंही तुमची नाहीत. नोटिशीवर कोड 25 दिसला की समजायचं, आरोप हाच आहे: लोडिंगच्या जागेत लोडिंग न करता गाडी उभी होती.

मग लोडिंग कशाला म्हणायचं? बहुतेक वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतात. 1977 च्या एका निकालापासून इथे साधारण असं मानलं जातं की सामान गाडीशिवाय नेता येणार नाही इतकं जड किंवा अवजड हवं. एका हातात मावणारी पिशवी किंवा औषधाचं पाकीट घेऊन तुम्ही दुकानातून आलात तर ते लोडिंग नाही. वॉशिंग मशीन, तांदळाची वीस किलोची पोती, गादी, पाहुण्यांच्या चार मोठ्या बॅगा हे लोडिंग म्हणून सांगता येतं. सामान इमारतीत पोहोचवणं, मोजून देणं, सही घेणं हाही त्याचाच भाग आहे. पण दुकानात जाऊन वस्तू निवडणं, रांगेत उभं राहणं, पैसे देणं हा नाही. म्हणून आधी खरेदी करा, सामान दाराशी आणून ठेवा आणि मग गाडी बेमध्ये आणा. बरोबर दुसरं माणूस असेल तर हे सहज जमतं.

आपल्याकडे गणपतीच्या कार्यक्रमाला हमखास घोटाळा होतो तो इथेच. हॉलसमोर गाडी लावून मखर, सतरंज्या, स्पीकर, पातेली आत नेली, इथपर्यंत सगळं ठीक. पण आत गेल्यावर कोणीतरी म्हणतं, "जरा मखर लावून घेऊ, मग गाडी काढ." मखर लावणं हे लोडिंग नाही. सामान आत टाका, गाडी हलवा आणि मग मखराला हात लावा. दरवर्षी मी हे सांगते आणि दरवर्षी कुणीतरी नोटीस घेऊन प्रसादाला येतं. मंडळातल्या पोरांचा तो दंड मंडळाने भरावा की गाडीवाल्याने, यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

आता पाटी. ती पूर्ण वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. ढकलगाडी घेतलेल्या माणसाचं चित्र आणि नुसतं "लोडिंग ओन्ली" असेल तर तुमची साधी कारही सामानासाठी थांबू शकते. "गुड्स व्हेइकल्स लोडिंग ओन्ली" असेल तर फक्त मालवाहू गाडी. तुमच्या हॅचबॅकमधून अख्खा फ्रिज उतरवत असाल तरी ती कारच. हा एक शब्द न वाचल्याने दंड बसलेले मला किती तरी जण माहीत आहेत. त्याखाली वेळ आणि वार असतात, मग जास्तीत जास्त किती मिनिटं आणि किती वेळात पुन्हा यायचं नाही ते. वार लिहिलेले नसतील तर ती वेळ सगळ्या दिवसांना लागू, रविवारसुद्धा. बँक हॉलिडेला नियम आपोआप सैल होत नाहीत, पाटीवर तसं लिहिलेलं असेल तरच होतात. उलट, पाटीवर सोमवार ते शनिवार सकाळी सात ते संध्याकाळी सात असेल आणि तुम्ही रात्री आठला आलात, तर बाकी कुठला नियम लिहिलेला नसल्यास तिथे गाडी लावता येते. अनेक जण रात्री अशी रिकामी जागा सोडून तीन गल्ल्या पलीकडे जातात.

बेमध्ये जागा नसली तर पिवळ्या रेषांकडे पाहा. जुन्या लोकांनाही हे माहीत नसतं: दुहेरी पिवळ्या रेषेवर गाडी लावून जायला मनाई आहे, पण सामान उतरवायला सहसा मनाई नसते. मनाई आहे की नाही हे फूटपाथच्या कडेवर लिहिलेलं असतं. कडेवर आडव्या दोन छोट्या पिवळ्या खुणा असतील तर लोडिंगही पूर्ण बंद. एकच खूण असेल तर काही ठरावीक वेळी बंद, ती वेळ जवळच्या पाटीवर असते. खुणा नसतील तर काम करून निघायला हरकत नाही, फक्त किती मिनिटं याची मर्यादा प्रत्येक कौन्सिलची (म्हणजे तिथल्या पालिकेची) वेगळी असते. म्हणून गाडीतून उतरल्यावर माझी नजर आधी जमिनीकडे जाते, मग खांबाकडे.

लाल रेषा दिसल्या की हे सगळं विसरा. लंडनचे ते मोठे रस्ते टीएफएलकडे (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, शहराची वाहतूक संस्था) आहेत, आणि दुहेरी लाल रेषेवर माणूस उतरवायलाही थांबायचं नसतं (टॅक्सी आणि ब्लू बॅजवाल्यांना, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना असणाऱ्यांना, तेवढी सूट आहे). तिथे चौकटी आखलेल्या असतात: लाल चौकटीत गर्दीच्या वेळी थांबता येत नाही, पांढऱ्या चौकटी त्या मानाने मोकळ्या, दोन्हींची वेळ पाटीवर असते. लाल रेषांवरचा दंड 2022 च्या जानेवारीपासून 160 पौंड आहे, आणि तिथे कॅमेऱ्याने टिपून नोटीस पोस्टानेही येते. वॉर्डन दिसला नाही म्हणून सुटलो, असं तिथे समजू नका.

ब्लू बॅजबद्दलही थोडं. आई-वडील किंवा घरातलं कुणी चालू शकत नसेल आणि बॅज मिळाला असेल तर इंग्लंडमध्ये लोडिंगबंदी नसलेल्या पिवळ्या रेषांवर आल्याची वेळ दाखवणारं बॅजचं घड्याळ लावून तीन तास थांबता येतं. पण लोडिंग बे त्यात येत नाही. शिवाय लंडनमधले सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅम्डेनचा काही भाग इथे बॅजचे नियम वेगळे आहेत, तिकडे जाण्याआधी त्या कौन्सिलचं पान पाहा.

रस्त्यावरच्या भांडणांबद्दल बोलते, कारण नव्या माणसाला दंडापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटते. सगळ्यात नेहमीचं भांडण दुकानदाराशी. "ही माझ्या दुकानासमोरची जागा आहे" असं तो म्हणतो. कौन्सिलच्या रस्त्यावरचा लोडिंग बे कुठल्याही दुकानाचा नसतो, जो लोडिंग करतोय त्याचा. हे शांतपणे सांगायचं आणि पुढे एक वाक्य जोडायचं: "दहा मिनिटांत निघते." मी वेळ सांगते आणि ती पाळते, आणि या सवयीने मला जितकी भांडणं टाळता आली तितकी कुठल्याही नियमाने टाळता आली नाहीत. दुसरं भांडण मागे येऊन उभ्या राहिलेल्या लॉरीवाल्याशी. त्याच्याकडे बिअरचे पिंप असतात, मागे वाहतूक तुंबलेली असते आणि तुमची रिकामी कार बेमध्ये उभी असते. इथे बहुतेक वेळा तो बरोबर असतो. त्याला पुढच्या चौकात उतरून पिंपं ढकलत आणावी लागतात, पाठ त्याची मोडते. तुम्ही कॉफी घ्यायला थांबला असाल तर माफी मागून गाडी काढा.

वॉर्डनशी मात्र वाद घालू नका. नोटीस एकदा निघाली की ती त्याच्या हातात राहत नाही, तो तिथे रद्द करू शकत नाही. नोटीस लिहिण्याआधी तुम्ही पोहोचलात तर सामान दाखवा, कुठे नेताय ते सांगा. बरेचदा तो थोडा वेळ पाहून पुढे जातो. आणि कुणी "कायद्याने दहा मिनिटांची सवलत आहे" असं सांगितलं तर त्यावर विसंबू नका. ती सवलत जिथे गाडी लावण्याची परवानगी होती आणि तिची वेळ संपली, त्यासाठी आहे. लोडिंग न करता बेमध्ये थांबलेल्या गाडीला ती लागू नाही.

माझं प्रकरण असं होतं. 2014 मध्ये एका हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर जेवण पोहोचवत होते. लिफ्ट बंद. चौथ्या फेरीहून खाली आले तर काचेवर पाकीट. वॉर्डनने पाच मिनिटं पाहिलं, गाडीपाशी कुणी दिसलं नाही, त्याने लिहिलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मी ऑर्डरचं बिल, हॉलच्या बुकिंगचा ईमेल, बंद लिफ्टचा फोटो आणि हॉलच्या व्यवस्थापकाच्या दोन ओळी जोडून हरकत घेतली. कौन्सिलने दोन्ही वेळा ती फेटाळली, दुसऱ्या पत्रात तर माझ्या कागदांचा उल्लेखही नव्हता. त्याचा मला आजही राग येतो. ट्रायब्युनलमध्ये निवाडा करणाऱ्या बाईंनी प्रत्येक कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि नोटीस रद्द केली. तेव्हापासून पहिलं पातेलं उतरवण्याआधी मी उघड्या डिकीचा आणि पाटीचा एकत्र फोटो काढते. फोनच्या फोटोवर वेळ आपोआप येते.

नोटीस आलीच तर घाबरू नका. हा दिवाणी दंड आहे, लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी कोड 25 ला 70 पौंड, लंडनमध्ये बरेच जास्त. 14 दिवसांत भरले तर निम्मे. पण पैसे भरले की प्रकरण मिटतं, मग हरकत घेता येत नाही, म्हणून आधी ठरवा. नोटिशीचा नंबर टाकून कौन्सिलच्या साइटवर वॉर्डनने काढलेले फोटो पाहा. पाटी झाडामागे असेल, रेषा पुसलेली असेल तर तिथेच दिसेल. तुमचं म्हणणं 14 दिवसांच्या आत लिहा, बहुतेक कौन्सिलं ते फेटाळताना निम्म्या दंडाची सवलत पुन्हा देतात. नाही पटलं तर गाडीच्या मालकाच्या नावे नोटीस टू ओनर येते, तिला 28 दिवसांत औपचारिक उत्तर द्यायचं. तेही फेटाळलं तर पुढच्या 28 दिवसांत अपील: लंडनमध्ये लंडन ट्रायब्युनल्स, इंग्लंड-वेल्समध्ये इतरत्र ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. फी नाही, वकील लागत नाही, फोनवरूनही सुनावणी होते.

पत्रांकडे दुर्लक्ष केलं तर मात्र दंड दीडपट होतो, नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये नोंदला जातो आणि शेवटी बेलिफ दारात येतात. नव्या लोकांच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: घर बदललं, पण गाडीच्या व्ही5सीवर (नोंदणीच्या कागदावर) जुना पत्ता राहिला. पत्रं जुन्या घरी जात राहिली. गाडी घेतल्यावर आणि प्रत्येक वेळी घर बदलल्यावर डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) पत्ता कळवा. ऑनलाइन होतं, पैसे लागत नाहीत. तसं झालंच असेल तर टीई9 नावाचा फॉर्म आहे, पत्र मिळालंच नव्हतं असं त्यावर सही करून लिहून देता येतं.

अजून एक पीसीएन असतो, तो कौन्सिलचा नव्हे. नवीन इमारतींच्या आवारातल्या लोडिंगच्या जागा खासगी कंपन्या सांभाळतात आणि त्यांच्या कागदावर "पार्किंग चार्ज नोटीस" लिहिलेलं असतं. दिसायला अगदी तसाच. पेनल्टी आणि पार्किंग हा एक शब्द तपासा, कारण पुढचे सगळे मार्ग वेगळे आहेत. ट्रायब्युनल इथे येत नाही, पण कंपनी ज्या संघटनेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येतं. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात अपिलावर असं ठरलं की स्वतःच्या फ्लॅटसमोर जड सामान उतरवण्यापुरतं थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा आणि आपला भाडेकरार काढून त्यात गाडीबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

घर बदलायचं असेल तर लोडिंग बेच्या भरवशावर राहूच नका. घर उतरवायला अख्खा दिवस जातो आणि बेची मुदत मिनिटांत असते. कौन्सिलकडे घरासमोरची जागा तुमच्यासाठी बंद ठेवण्याचा अर्ज करा. त्याला पैसे लागतात आणि बरेच दिवस आधी कळवावं लागतं, तेव्हा तारीख ठरली की त्याच दिवशी अर्ज भरा. आदल्या संध्याकाळी खांबावर पिवळी पाटी लागली आहे का, तिच्यावर तुमचीच तारीख आणि घर क्रमांक आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. नसेल तर कौन्सिलला लगेच फोन करा. सकाळी व्हॅन आल्यावर फोन करून काही उपयोग होत नाही.