लोकर झडणाऱ्या मेंढ्या आणायच्यात? आधी या चुका टाळा

लोकर कातरायला माणूस मिळत नाही. मिळालाच तर त्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि कातरलेली लोकर पोत्यात पडून राहते. आपल्या दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो, तीही जाडीभरडी. घोंगडीवाले सोडले तर तिला विचारणारं कोणी नाही. म्हणून परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडचे मेंढपाळ नेल्लोर, माडग्याळ आणि आता डॉर्पर या जातींच्या मेंढ्यांची चौकशी करू लागलेत. विचार चुकीचा नाही. कातरणीला वैतागून अख्खा कळप विकायचा आणि बाजारातून नवा भरायचा, ही मात्र घाई आहे, आणि बहुतेकांचं नुकसान तिथेच होतं.

बिनलोकरीची आणि झडणारी एकच समजू नका

नेल्लोर किंवा रायचूरकडची केंगुरी यांच्या अंगावर आखूड केसच असतात. झडायला काही नाही, कातरायलाही काही नाही. डॉर्परचं वेगळं. दक्षिण आफ्रिकेत डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन मेंढी यांच्या संकरातून ती तयार झाली. तिच्या अंगावर केस आणि लोकर मिसळ असते, आणि थंडी सरली की ती आपोआप गळते.

हा फरक तुमच्या चराईशी जोडलेला आहे. नेल्लोर उंच, लांब पायांची, चालणारी जात आहे. डॉर्पर बुटकी, अंगाने भरलेली, दावणीला चारा मिळाला तर खुलणारी. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्याने, शेतात कळप बसवून खताचे पैसे घेणाऱ्याने डॉर्परच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदिस्त पालन करणाऱ्याने जरूर विचार करावा.

पहिल्या पिढीतच लोकर जाईल असं धरून चालू नका

सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथे होतो. झडणाऱ्या जातीचा मेंढा दख्खनी मेंढ्यांवर सोडला, कोकरं झाली, आणि वर्षभराने पाहावं तर कोणाची पाठ तशीच लोकरीची, कोणाच्या पोटाखालची गेली, कोणाच्या अंगावर चिंध्या लोंबतायत. यात मेंढा खोटा असेलच असं नाही. अर्ध्या रक्ताच्या कोकरात झड अर्धवटच असते आणि प्रत्येकात वेगळी असते. प्रत्येक पिढीत चांगल्या झडलेल्या माद्या निवडून ठेवल्या आणि त्यांच्यावर पुन्हा त्याच जातीचा शुद्ध, पण नात्यातला नसलेला मेंढा सोडला, तर साधारण तिसऱ्या पिढीत बराचसा कळप कातरणीतून सुटतो. म्हणजे पाच-सहा वर्षांचं काम. मधेच पैसे वाचवायला घरचाच अर्ध्या रक्ताचा मेंढा लावला की गाडी मागे येते.

तोवर अर्धवट झडलेल्यांना कातरावंच लागतं. त्यांची लोकर दख्खनीच्या लोकरीत मिसळू नका. केस मिसळलेली लोकर घोंगडीवाला घेत नाही.

खरेदीच्या वेळी बोटांनी पाहा

कातरलेलं जनावर "बिनलोकरीचं" म्हणून गळ्यात मारलं जातं. खांद्यावरचे केस चिमटीत धरून उन्हात टोकं बघा. कातरलेल्या लोकरीची टोकं बोथट, एका पातळीत कापलेली असतात आणि कात्रीच्या पट्ट्या अंगावर दिसतात. आपोआप झडून नव्याने आलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. शक्य असेल तर खरेदी मार्च ते मेमध्ये करा, कारण झड खरी आहे की नाही ते तेव्हाच कळतं.

डोकं काळं आणि अंग पांढरं दिसलं म्हणून ते डॉर्पर ठरत नाही. परदेशातून जिवंत जनावर आणायला केंद्र सरकारची परवानगी आणि विलगीकरण लागतं. आईबापाची नोंद नसेल तर मोठी रक्कम मोजू नका.

दिवस मोठा होऊ लागला की झड सुरू होते. थंड देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या दिवसांत कित्येक तासांचा फरक असतो, मराठवाड्यात तो दोन तासांच्या थोडा वर. त्यामुळे तिकडचं वेळापत्रक इथे तसंच लागू होईल असं समजू नका.

प्रत्येक गळती म्हणजे झड नव्हे

ही चूक महागात पडते. खरूज झालेली मेंढी "झडतेय" म्हणून तशीच सोडली की महिन्याभरात कळपभर पसरते. लोकर बाजूला सारून कातडी बघा. खाली आखूड नवे केस, कातडी स्वच्छ, जनावर शांत चरतंय, तर ती झड. कातडी उघडी, ओलसर, पिवळट खपल्या, जनावर काट्याच्या वाडग्याला अंग घासतंय, स्वतःची लोकर दातांनी उपटतंय, तर ती खरूज किंवा उवा. कातडीचा खरवडा पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. इव्हरमेक्टिन द्यायचं तर वजन करूनच, आणि डॉक्टरांना विचारून दुसरा डोस चुकवू नका. कमी मात्रेने गोचीड, खरूज दोन्ही निर्ढावतात. मोठा ताप किंवा उपासमार झाल्यावर काही आठवड्यांनी लोकर एकदम सुटते, तेही ध्यानात ठेवा.

पाऊस, थंडी आणि आजार

परभणीत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या रात्री दख्खनीची लोकर फुकटची गोधडी असते. बिनलोकरीच्या जातीच्या कोकरांना पहिल्या हिवाळ्यात वाऱ्याला आडोसा, कोरडी जमीन आणि श्रावणातल्या संततधार पावसात डोक्यावर छप्पर हवंच. उलट कुसळं लोकरीत अडकून कातडीत घुसतात, तो त्रास मात्र त्यांना खूपच कमी.

नवी मेंढरं किमान तीन आठवडे वेगळी ठेवा. पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा साथीचा रोग), देवी, आंत्रविषार यांच्या लसी झाल्यात का ते बघा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीच व्हायला हवी. निळी जीभ हा चिलटांमुळे पसरणारा आजार आहे. ताप, सुजलेले ओठ, नाकातून शेंबूड, लंगडणं दिसलं की थांबू नका. बाहेरच्या जाती आणि त्यांचे संकर त्याला जास्त बळी पडतात.

मोठा मेंढा, लहान मेंढी

वजनदार मेंढा पहिलारू दख्खनी मेंढीवर सोडू नका, विताना मेंढी अडते. आधी विलेल्या, अंगाने बऱ्या मेंढ्याच निवडा. आणि लोकर झडली म्हणून जुळी होतील ही आशाही नको. जुळ्यांचा गुण वेगळा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो बंगालच्या गरोळ मेंढीतून आणून नारी सुवर्ण तयार केली, आणि तिला लोकर असतेच.

सुरुवात दहा-पंधरा मेंढ्या आणि एका मेंढ्यापासून करा. प्रत्येक कोकराचं जन्माचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन, मरतूक, औषधाचा खर्च आणि कातरणीचा वाचलेला खर्च एका वहीत लिहा. दख्खनीची उरलेली निम्मी-अधिक जनावरं तशीच ठेवा. त्यांच्यासाठी चांगला मेंढा हवा असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या अंबाजोगाई, मुखेड, तीर्थ किंवा पडेगाव इथल्या प्रक्षेत्रावर चौकशी करा.